बाळ-बाळंतीण सुखरूप

"बाळ-बाळंतीण सुखरूप." किती जुनं आणि किती गोड वाक्य! पूर्वी पोस्टकार्डावर यायचं, आता मोबाईलवर फोटोसकट येतं. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आमच्या आज्या म्हणायच्या. त्यामुळे ही बातमी आली की घरादाराचा जीव भांड्यात पडतो. पण या 'सुखरूप'च्या आड कधी कधी एक गोष्ट दडवली जाते. रक्तस्राव थांबेना म्हणून बाळंतपणातच गर्भाशय काढावं लागलं आणि बाई वाचली, तर काय कळवतात? सुखरूप, असंच.

मी काही डॉक्टर नाही, शाळेत भाषा शिकवण्यात जन्म गेला. पण जे वाचलं, समजून घेतलं ते सांगते. दिवस भरत आले की गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त वाहत असतं. वार पडली की गर्भाशय आवळतं आणि उघड्या रक्तवाहिन्यांची तोंडं मिटतात. ते आवळलंच नाही, फाटलं, किंवा वार आतच रुतून बसली, तर बाई तासा-दोन तासांत हातची जाऊ शकते. सगळे उपाय थकले की डॉक्टर पिशवी काढतात. त्या वेळी तो निर्णय घेणाऱ्याला दोष देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे घुटमळणं म्हणजे बाई गमावणं.

प्रश्न आहे तो त्या आधीच्या तासांचा. श्रीमंत देशांत हजार बाळंतपणांमागे एका बाईवरही ही वेळ येत नाही. गरीब देशांत तिचं प्रमाण कित्येक पट आहे. तिथल्या बायकांची शरीरं काही वेगळी नसतात. वेगळं असतं ते रक्तपेढीचं अंतर, गाडी मिळायला लागलेला वेळ, आणि गर्भाशय आवळण्यासाठी द्यायचं ऑक्सिटोसिन. हे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. जिथे दिवसाचे निम्मे तास वीज नाही तिथे ते कसं टिकावं?

उपाय महागच असतात असंही नाही. बांगलादेशातल्या डॉ. सायेबा अख्तर यांनी साध्या रबरी नळीला निरोध बांधला, तो गर्भाशयात सरकवून सलाईनने फुगवला आणि आतून दाब देऊन रक्त थांबवलं. २००३ साली त्यांनी २३ बायकांचा अनुभव प्रसिद्ध केला. सगळ्यांचा रक्तस्राव पंधरा मिनिटांत थांबला होता. पुढे केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ८० रुग्णालयांत एक मोठा अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काय केलं? बाळंतिणीखाली मापाच्या रेघा असलेलं प्लास्टिक अंथरलं, म्हणजे रक्त किती गेलं ते अंदाजाने नव्हे तर मोजून कळेल. आणि ठरलेले सगळे उपचार एकामागून एक न करता एकदमच सुरू केले. गंभीर परिणाम साठ टक्क्यांनी कमी झाले!

आता आपल्याकडचं. २०१८-२० च्या सरकारी आकडेवारीत लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७, महाराष्ट्रात ३३ आणि आसामात १९५ होते. आपले आकडे उतरले याचा आनंद आहेच. पण जी वाचली आणि कायमची गर्भाशयाला मुकली, ती या आकड्यांत फक्त 'जिवंत' असते. मरता मरता वाचलेल्या मातांची चौकशी व्हावी म्हणून केंद्र सरकारने २०१४ मध्ये मार्गदर्शिका काढली. अशी प्रत्येक शस्त्रक्रिया त्या चौकशीत यायला हवी, सरकारी दवाखान्यातली आणि खाजगीतलीही. कोणाला शिक्षा करायला नव्हे, तर उशीर नेमका कुठे झाला ते कळायला.

थोडं आपल्याही पदरात. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीनुसार चारातलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं. गरज असेल तिथे ते जीव वाचवतं. पण प्रत्येक सिझेरियननंतर पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतण्याचा धोका वाढत जातो. मुहूर्त गाठायला पोट फाडून घेणाऱ्यांना हे कोणी सांगतं का?

आणि सर्वात महत्त्वाचं, खुद्द त्या बाईला सांगणं. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची पिशवी तेविसाव्या वर्षी, पहिल्याच बाळंतपणात काढावी लागली. तिला ते कळलं आठ महिन्यांनी, पाळी येईना म्हणून दाखवायला गेली तेव्हा. नवऱ्याला ठाऊक होतं, सासूला ठाऊक होतं. "उगाच तिला त्रास नको" म्हणून सगळे गप्प. प्रेमापोटीच असेल, पण शरीर कोणाचं? सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात म्हटलं आहे की सज्ञान, शुद्धीत येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने तिची आईसुद्धा गर्भाशय काढायला संमती देऊ शकत नाही. जीव वाचवण्याची तातडी असेल तर गोष्ट वेगळी. मग अशा तातडीत न विचारता काढलं, तर शुद्धीवर आल्यावर सांगणं हे तर कर्तव्यच ठरतं. कारणासकट, कागदावर लिहून.

असो. नातेवाइकांना आणि तुम्हा ब्लॉगमित्रांना दोनच विनंत्या. घरात कोणाला सातवा लागला की डोहाळजेवणाच्या यादीबरोबर हेही विचारून ठेवा, की रक्त लागलं तर ते कुठून येईल, किती वेळात येईल. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी रक्तदान करा. माझं वय आता त्याला चालत नाही, तुमचं चालतं.