वाकलेल्या रिमचे बिल कोणाच्या नावावर?

मानपाडा ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आहे आणि डोंबिवलीतही. खड्ड्यांच्या बाबतीत दोघांत डावे-उजवे करणे कठीण. पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही आणि त्याची कड टायर दाबून थेट रिमवर बसते. पोलादी रिम ठोकून सरळ होते. अलॉय व्हील मात्र बेताने तापवून, दाब देत पूर्ववत करावे लागते, मग फिरवून डायल गेजवर तपासावे लागते. तडा गेला असेल तर वेल्डिंग मारून देणारेही भेटतात. तसले चाक गाडीला लावणे म्हणजे जिवाशी खेळ. अलाइनमेंट, बॅलन्सिंगचा खर्च वेगळाच.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डेबळीच्या वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. निकाल मोठाच. पण या आकड्यांत वाहनाचे नुकसान नाही आणि विम्याचा दावा करावा तर नो क्लेम बोनस बुडतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी खड्ड्याचा फोटो व दुरुस्तीचे बिल घेणारी खिडकी उघडावी. दोषदायित्व काळातल्या, म्हणजे दुरुस्तीची जबाबदारी अजून कंत्राटदारावरच असलेल्या रस्त्यांपुरती तरी ही रक्कम त्याच्या अनामतीतून कापावी.