क्रीडांगण आणि ग्रंथालय

क्रीडांगणावर रमणारा मुलगा ग्रंथालयांत दिसत नाहीं आणि ग्रंथालयांत बसणारा मुलगा क्रीडांगणाकडे फिरकत नाहीं, ही शाळांतील जुनी तक्रार आहे. परंतु मध्यंतरीं एका सद्गृहस्थांनीं याहून निराळीच तक्रार प्रस्तुत लेखकापाशीं केली. "आमचा चिरंजीव पाठ्यपुस्तकें बाजूस सारून ऑलिंपिक सामन्यांवरील पुस्तकें घेऊन बसतो, त्याला जरा आवरा," असें ते म्हणाले. चिरंजीवांस बोलावून विचारलें, तेव्हां कोणत्या सालीं कोणत्या देशास किती सुवर्णपदकें मिळालीं हें त्यांनीं घडाघडा म्हणून दाखविलें. परंतु तीं मिळविणाऱ्यांपैकीं एकाविषयींही चार वाक्यें त्यांस सांगतां येईनात. आमच्या मनांत आलें कीं, वडिलांची तक्रार चुकीची खरी, पण मुलाचें वाचनही अपुरेंच.

खेळांवरील पुस्तकें विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावींत, असें आमचें स्पष्ट मत आहे. मात्र तीं पदकांचा जमाखर्च पाठ करण्यासाठीं वाचूं नयेत. मैदानावर जो निकाल लागतो तो त्या क्षणापुरता असतो. त्यांत न्याय किती होता, जिंकणारा कोणत्या वाटेनें आला आणि हरणाऱ्याचें पुढें काय झालें, हें पुस्तकावांचून कळत नाहीं. इतकेंच नव्हे, तर मैदानावरील वीरावर झालेला अन्याय कधीं कधीं पुस्तकानेंच दूर होतो. हें विधान कोणास अतिशयोक्तीचें वाटेल, म्हणून एक घडलेली हकीकत सांगतों.

१९१२ सालीं स्टॉकहोम येथें भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत जिम थॉर्प यांनीं पंचक्रीडा व दशक्रीडा या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. धांवणें, उडी मारणें, फेंकणें अशा दहा कसोट्यांची गोळाबेरीज म्हणजे दशक्रीडा. तींत पहिला येणारा मनुष्य सर्वांगीण खेळाडूच असला पाहिजे. थॉर्प हे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकीं, सॅक अँड फॉक्स जमातींतील, व कार्लाइल येथील वसतिगृहाच्या शाळेंत शिकलेले. त्यांची कीर्ति जगभर झाली; परंतु १९१३ च्या जानेवारींत वृत्तपत्रांत बातमी आली कीं, थॉर्प यांनीं पूर्वीं सुटीच्या दिवसांत थोडेसे पैसे घेऊन बेसबॉलचे सामने खेळले होते. त्या काळीं खेळासाठीं पैसा घेणाऱ्यास ऑलिंपिकचें द्वार बंद असे. थॉर्प यांनीं गोष्ट कबूल केली व आपणांस नियम ठाऊक नव्हता असें कळविलें. तरीही त्यांचीं पदकें परत घेण्यांत आलीं आणि विजेत्यांच्या यादींतून त्यांचें नांव पुसलें गेलें. १९५३ सालीं ते गरिबींतच वारले.

पुढें रॉबर्ट व्हीलर या लेखकांनीं थॉर्प यांचें चरित्र लिहिलें. त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स रिडलन यांनीं १९८२ सालीं वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत १९१२ च्या सामन्यांची नियमपुस्तिका शोधून काढली; ती फळीच्या मागें पडलेली होती. तींत छापलें होतें कीं, खेळाडूच्या पात्रतेविषयीं तक्रार करावयाची ती तीस दिवसांच्या आंत केली पाहिजे. थॉर्प यांच्यावरील आक्षेप तर सहा महिन्यांनंतर आला होता! म्हणजे ज्यांनीं नियमावर बोट ठेवून शिक्षा दिली, त्यांनीं एक तर नियम वाचला नव्हता किंवा वाचून दृष्टीआड केला होता. त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें आपला निर्णय फिरविला आणि १९८३ सालीं पदकांच्या प्रतिकृति थॉर्प यांच्या मुलांच्या हातीं दिल्या. परंतु नोंद मात्र 'सहविजेता' अशी अर्धवटच राहिली. दशक्रीडेंत दुसरे आलेले स्वीडनचे ह्यूगो वीस्लांडर यांस पूर्वीं पहिला क्रमांक बहाल झाला होता. तो त्यांनीं स्वतः कधींच मान्य केला नव्हता, अशी साक्ष त्यांच्या कुटुंबीयांनींही दिली. अखेर २०२२ च्या जुलै महिन्यांत थॉर्प हे एकटेच विजेते म्हणून नोंदले गेले. ११० वर्षांनीं लागलेल्या या निकालाच्या मुळाशीं एक धुळींत पडलेली पुस्तिका व ती उघडून पाहणारी एक वाचक होती, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

चांगलें पुस्तक जसा अन्याय दूर करतें, तसा लोकांत रूढ झालेला भ्रमही दूर करतें. १९३६ सालच्या बर्लिनच्या सामन्यांत जेसी ओवेन्स या कृष्णवर्णी अमेरिकन धांवपटूंनीं चार सुवर्णपदकें मिळविलीं, आणि हिटलरनें त्यांच्याशीं हस्तांदोलन करण्याचें नाकारलें, अशी कथा घरोघरीं सांगितली जाते. विल्यम बेकर यांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ओवेन्सचरित्रांत अशा कथांची छाननी केली आहे. पहिल्या दिवशीं हिटलरनें कांहीं मोजक्या विजेत्यांचें अभिनंदन केलें. तेव्हां करावयाचें तर सर्वांचें करा, नाहीं तर कोणाचेंच नको, असें त्याला समितीकडून बजावण्यांत आलें. ओवेन्स यांनीं पहिलें पदक जिंकलें तें त्यानंतरच्या दिवशीं. उलट, स्वदेशीं परतल्यावर आपल्याच अध्यक्षांनीं साधी तारही पाठविली नाहीं, हें शल्य ओवेन्स यांनीं बोलून दाखविलें. प्रचलित कथा ऐकून आपण परक्याच्या दोषावर बोट ठेवतों आणि समाधान पावतों. खरा इतिहास वाचला म्हणजे आपल्याही घरांत डोकावून पाहावें लागतें.

म्हणून आपल्या घराकडे वळूं. १९०० सालीं पॅरिसच्या सामन्यांत कलकत्त्यास जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनीं दोन रौप्यपदकें मिळविलीं. कोणी तीं हिंदुस्थानच्या नांवावर मांडतात, कोणी इंग्लंडच्या. एकाच पुस्तकावर विसंबून भांडूं नये, याचा हा धडाच होय. १९२० सालीं अँटवर्पच्या सामन्यांस हिंदुस्थानांतून जो संघ गेला, त्याची प्रेरणा सर दोराबजी टाटा यांस पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर मिळाली होती. शर्यतींचे नियमही नीट ठाऊक नसलेले खेडुत तेथें अनवाणी धांवत होते आणि त्यांच्या धांवण्याची वेळ परदेशांतील धांवपटूंच्या तोडीची होती. त्या संघांतील बेळगांवचे चौगुले मॅरॅथॉनच्या शर्यतींत एकोणिसावे आले. पदकांच्या कोष्टकांत एकोणिसाव्याला जागा नसते. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र असते, आणि असावयासच पाहिजे. बोरिया मजुमदार व नलिन मेहता यांनीं २००८ सालीं भारताच्या ऑलिंपिक-इतिहासावर लिहिलेलें पुस्तक मोठ्या विद्यार्थ्यांनीं अशाच हेतूनें वाचावें.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनला कुस्तींत सहावे आले आणि १९५२ सालीं हेलसिंकीला त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें हें पहिलें वैयक्तिक पदक. दुसरें मिळण्यास ४४ वर्षें लागलीं. या हेलसिंकीच्या प्रवासासाठीं कोल्हापुरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकलें होतें. १९८४ सालीं खाशाबांचा अपघातीं अंत झाला आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या नांवें जाहीर झाला तो २००० सालीं. लोक विसरले, हें तर खरेंच. परंतु स्मरण करून देणारें लेखन वेळेवर आणि विपुल झालें नाहीं, हेंही तितकेंच खरें. ज्याचें चरित्र लिहिलें जात नाहीं, त्याचा पराक्रम एका पिढींत निमूटपणें मावळतो.

पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलाच्या हातीं खेळाडूचें चरित्र दिसल्यास तें हिसकावून घेऊं नये, फक्त त्याला विचारावें, "यांत हरले कोण, आणि कां? लेखकाला हें कशावरून कळलें? आपल्या नायकाची चूक त्यानें लपविली तर नाहीं ना?" या प्रश्नांचीं उत्तरें जें पुस्तक देतें तें चांगलें, आणि जो मुलगा तीं शोधूं लागतो त्याच्या अभ्यासाची काळजी नको.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडून एकच अपेक्षा आहे. यंदाच्या क्रीडामहोत्सवाचा वृत्तांत तुम्हीच लिहा. त्यांत पहिल्याबरोबर शेवटच्याचेंही नांव असूं द्या, पंचांचा निकाल चुकला असेल तर तेंही नम्रपणें नमूद करा, आणि ती वही ग्रंथालयांत ठेवा. न जाणो, पुढें कधीं तरी कोणी ती फळीमागून काढून उघडील आणि आपल्यापैकीं एखाद्याला उशिरां कां होईना, न्याय मिळेल.