शेवटचा श्वास आणि बिलाचा आकडा

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अमानुष अत्याचार झाला. १८ मे २०१५ पर्यंत त्या तेथेच अचेतनप्राय अवस्थेत होत्या. त्यांचे अन्न थांबवावे, अशी मागणी पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. ७ मार्च २०११ रोजी ती फेटाळली गेली. निष्क्रिय दयामरणाचे दार त्याच निकालाने किलकिले केले; परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न रुग्णाचे निकटचे कोण, हा होता. वर्षानुवर्षे भरवणारे, अंगावर एकही शय्याव्रण होऊ न देणारे रुग्णालयाचे कर्मचारी, असे उत्तर न्यायालयाने दिले. नाते सेवेने सिद्ध होते, हे आपल्या समाजाला नवे नाही.

सावरकरांचे १९६६ चे प्रायोपवेशन आणि विनोबांचा १९८२ चा अन्नत्याग यांचे दाखले या वादात हमखास दिले जातात. ते अप्रस्तुत होत. ते जाणत्या मनाचे निर्णय होते. शुद्ध हरपलेल्याचा निर्णय मात्र इतरांना घ्यावा लागतो.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि आगाऊ इच्छापत्रालाही मान्यता दिली. २०२३ मध्ये प्रक्रिया सुलभ झाली. इच्छापत्रावर दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरते. उपचार थांबवण्यासाठी मात्र दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते. दुसऱ्या मंडळावर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर हवा.

हे सारे सोनाळ्यात कसे घडावे? सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावातील अत्यवस्थ रुग्णाला अकोल्यासारखे मोठे शहर गाठावे लागते. तेथे दिवसागणिक बिल चढते, जमीन गहाण पडते आणि एके दिवशी 'आमच्या जबाबदारीवर नेतो' अशी सही करून नातेवाईक रुग्णाला घरी आणतात. ना मंडळ, ना इच्छापत्र, ना वेदनाशामक औषध. कायद्याने ज्यावर एवढे पहारे बसवले, तो निर्णय येथे पैसा घेतो, आणि त्या मुलाच्या मनात 'आपणच बापाला मारले' हा सल आयुष्यभर राहतो. त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसऱ्या मंडळासाठी डॉक्टरांची यादी प्रत्येक जिल्ह्यात आधीच तयार हवी आणि घरी आणलेल्या रुग्णाच्या वेदनाशमनाची सोय ग्रामीण रुग्णालयात हवी. तोवर त्या घरी रात्री पाळीपाळीने बसायला, अंथरूण बदलायला चार माणसे लागतात. ती शाखेतून, भजनी मंडळातून, शेजारातून जाऊ शकतात.