हाक मारणारं कोणी हवं

पैसे थांबले तर रक्त मिळेनासं होईल, ही भीती खोटी ठरली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून देशात व्यावसायिक रक्तदान बंद झालं, तरी महाराष्ट्र रक्तसंकलनात आघाडीवर राहिला. आपल्याकडे माणूस बोलावल्यावर येतो: गणेश मंडळ बोलावतं, कारखाना बोलावतो, महाविद्यालय बोलावतं. दयाबुद्धी बहुतेकांपाशी असतेच. ओळखीच्या कोणी हाक मारली की ती दंडापर्यंत पोचते. यावर आक्षेप असा, की शिबिरं नेत्यांच्या वाढदिवसांसाठी भरतात आणि भेटवस्तूंचं आमिष दाखवतात. आमिषाला माझाही ठाम विरोध आहे. वस्तूच्या ओढीनं आलेला दाता आजार लपवू शकतो, आणि अगदी ताजा संसर्ग तपासणीतूनही निसटू शकतो. पण वाढदिवसाच्या शिबिराचा मोठा दोष वेगळाच: एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमतात. लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स साधारण ५ दिवस. थॅलेसेमिया झालेल्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, मे महिन्याच्या सुटीतही. म्हणून मंडळांनी वर्षभराच्या तारखा आपसांत वाटून घ्याव्यात, आणि पुरुष दात्याला तीन महिन्यांनी, स्त्री दात्याला चार महिन्यांनी आठवणीनं पुन्हा फोन करावा.