स्थानके जनतेची, छायाचित्रेही जनतेचीच

कोडोलीतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्यास गेलेला तरुण सुटीच्या दिवशी मेट्रोच्या डेक्कन जिमखाना स्थानकासमोर उभा राहतो आणि मावळ्याच्या पगडीची आठवण देणारे ते छत मोबाईलमध्ये टिपून गावी पाठवितो. दिवाणी न्यायालयाचे स्थानक सुमारे ३३ मीटर खोल. तेथेही वरून सूर्यप्रकाश उतरतो, याचे त्याला अप्रूप वाटते. पुरोगामी म्हणविणारी काही मंडळी ही छायाचित्रे पाहून नाक मुरडतात. हा पोरगा सत्ताधाऱ्यांच्या प्रचाराला फुकटचा हातभार लावीत आहे, असा त्यांचा आक्षेप असतो. आक्षेप वरकरणी क्रांतिकारक वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र सामान्य माणसाविषयीची तुच्छता आहे.

सौंदर्याचा आस्वाद ही काय बंगलेवाल्यांचीच मिरास आहे? ज्याला स्वतःचा दिवाणखाना कधी मिळणार नाही, त्याच्या वाट्याला भव्यता येते ती सार्वजनिक वास्तूतूनच. त्या वास्तूत त्याच्या कराचा पैसा आहे आणि त्याच्यासारख्याच मजुरांचा घाम आहे. उद्घाटनाची फीत कोणीही कापो, वास्तू त्यामुळे कापणाऱ्याच्या मालकीची होत नाही.

समाजवादाचे नाव घेणाऱ्या राजवटींनीही येथे घोर चूक केली आहे. १९३५ साली मॉस्कोत श्रमिकांचे राजवाडे म्हणून संगमरवरी भुयारी स्थानके उभी राहिली. पण त्याच काळात शासनाविरुद्ध ब्र काढण्याची सोय श्रमिकांना उरली नव्हती. ताश्कंदची मेट्रो १९७७ साली सुरू झाली. अणुहल्ल्यात आश्रयस्थान म्हणूनही तिचा विचार झालेला असल्याने तेथील नक्षीदार स्थानकांचे छायाचित्र घेण्यास २०१८ पर्यंत बंदी होती. वास्तू जनतेसाठी, पण जनतेने ती टिपायची नाही! जेथे नागरिकाच्या डोळ्यांवर राज्यसंस्थेचा पहारा असतो, तेथे सार्वजनिक मालकी कागदावरच राहते.

डोळा उघडा असण्याचे मोल मुंबईने अनुभवले आहे. कुलाबा ते आरे या ३३.५ किलोमीटरच्या भुयारी मार्गावर ३७ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. म्हणजे किलोमीटरमागे अकराशे कोटींच्या वर. त्यात जपानी कर्जाचा मोठा वाटा आहे आणि त्याची फेड अखेर जनतेलाच करावयाची आहे. या मार्गावरील आचार्य अत्रे चौक स्थानक मे २०२५ मध्ये सुरू झाले आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेस पावसाचे पाणी थेट आत घुसले. प्रवाशांच्या मोबाईलमधील चित्रफितींनी ते दृश्य घरोघरी पोहोचविले. कोणत्याही लेखापरीक्षकाच्या अहवालाआधी जनतेचे लेखापरीक्षण झाले ते असे.

त्याच स्थानकाच्या पाटीवर अत्र्यांच्या नावाआधी एका म्युच्युअल फंडाचे नाव जोडले गेले. संयुक्त महाराष्ट्रासाठी 'मराठा'तून ज्याने धनदांडग्यांवर आसूड ओढले, त्याच्या नावालाच भांडवलाचे उपसर्ग लागावेत, याहून क्रूर विनोद तो कोणता? उत्पन्न हवे म्हणून चौकाचे नाव भाड्याने द्यायचे असेल, तर उद्या इतिहासाचाही लिलाव पुकारला जाईल. ती पाटीही छायाचित्रात आलीच पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी त्या तरुणाची थट्टा करू नये. त्याने पगडीचे छत जरूर टिपावे. मात्र परतीच्या प्रवासात तोच मोबाईल खेड्यापाड्यांतल्या एस.टी. स्थानकांवरही रोखावा: गळकी छपरे, मोडकी बाकडी, आत पाऊल टाकवत नाही अशी स्वच्छतागृहे. १९४८ पासून ग्रामीण महाराष्ट्राला वाहून नेणाऱ्या एस.टी.च्या प्रवाशाला सौंदर्य तर राहोच, साधी स्वच्छताही दुर्मिळ का असावी? ही दोन छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून कोडोलीच्या ग्रामसभेत दाखवावीत. राज्याच्या अर्थसंकल्पातील अग्रक्रम समजावून सांगण्यास मग वेगळ्या व्याख्यानाची गरज पडणार नाही.