उंचीचे गणित आणि गोव्याचे बोगदे

रेल्वेच्या मालवाहतुकीचा विषय गोव्यात निघतो तो बहुधा दुपदरीकरण आणि कोळसा या दोन शब्दांच्या अनुषंगानेच. त्यामुळे पश्चिम भारतात मालगाडीच्या संदर्भात घडलेला एक मोठा बदल आपल्या चर्चेत फारसा आलेला नाही. तो बदल रुळांच्या संख्येचा नसून रुळांवरच्या मोकळ्या जागेचा आहे.

एका वॅगनवर एकावर एक असे दोन कंटेनर ठेवले, तर तेच इंजिन, तेच कर्मचारी आणि तोच मार्ग जवळजवळ दुप्पट पेट्या वाहून नेतो. अडचण येते ती उंचीची. आज सर्रास वापरात असलेला उंच प्रकारचा कंटेनर सुमारे २.९ मीटर उंच असतो. असे दोन आणि त्यांखाली वॅगनच्या पृष्ठभागाचा सुमारे एक मीटर धरला, की गाडीचा माथा पावणेसात मीटरच्या वर जातो. नेहमीच्या विद्युतीकृत मार्गावर २५ हजार व्होल्टची तार मात्र साडेपाच मीटरच्या आसपासच असते. म्हणूनच २००६ मध्ये पिपावाव बंदर आणि जयपूर यांच्या दरम्यान सुरू झालेली दुमजली कंटेनरगाडी डिझेल इंजिनावर धावत होती. जून २०२० मध्ये गुजरातेत पालनपूर ते बोटाद या मार्गावर साडेसात मीटरहून किंचित उंच तारेखालून अशी गाडी विजेवर धावली. जानेवारी २०२१ मध्ये पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाच्या रेवाडी ते मदार टप्प्यावर दीड किलोमीटर लांबीची दुमजली गाडी रवाना झाली. हरियाणात सोहन्याजवळ अरवलीच्या पोटात खोदलेला बोगदाही याच उंचीच्या हिशेबाने बांधला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दुमजली रचनेचा लाभ हलक्या, जागा व्यापणाऱ्या मालाला होतो. कापड, घरगुती उपकरणे, औषधे आणि परतीच्या प्रवासातले रिकामे कंटेनर यांना तो मिळतो. लोखंड, खनिज किंवा कोळसा यांच्या बाबतीत चाकांच्या आसावरील वजनाची मर्यादा आधीच गाठली जाते; मग वर कितीही मोकळे आकाश असले तरी त्याचा उपयोग नाही. मुरगाव बंदराची रेल्वेवरील ओळख ज्या मालाने घडली, त्या मालाला या उंचीशी काहीही कर्तव्य नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून बाहेर पडणाऱ्या औषधांच्या खोक्यांना मात्र ते आहे.

मग अशी गाडी गोव्यापर्यंत का येऊ नये? उत्तर भूगोलात आहे. कोकण रेल्वेवर नव्वदहून अधिक बोगदे आहेत, आणि २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या विद्युतीकरणात त्यांतून तारही गेली. कॅसलरॉकहून कुळ्याला उतरणारा घाटमार्ग ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र उताराचा, तोही बोगद्यांनी भरलेला. अमेरिकेत ॲपलाचियन डोंगरांतून नॉरफोक बंदराकडे जाणाऱ्या कोळशाच्या जुन्या मार्गावर २८ बोगद्यांची उंची वाढवून २०१० मध्ये दुमजली गाड्या सुरू झाल्या. म्हणजे हे काम अशक्य कोटीतले नाही. पण नॉरफोकला महाकाय कंटेनर जहाजे लागतात. मुरगावात त्या प्रमाणात कंटेनर नाहीत. शिवाय आपल्याकडची माती! पेडण्याच्या बोगद्यात ऑगस्ट २०२० मध्ये भिंत ढासळली आणि गाड्या कित्येक दिवस अन्य मार्गांनी वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी शिरून वाहतूक पुन्हा ठप्प झाली. आहेत ते बोगदे पावसाळ्यात टिकवतानाच दमछाक होते. त्यांची छते उंच करण्याची सूचना कोणी गांभीर्याने करील असे वाटत नाही.

गोव्याच्या दृष्टीने महत्त्वाचा दुवा म्हणूनच दूर उत्तरेला, न्हावा-शेव्याला आहे. दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर हा सुमारे दीड हजार किलोमीटरचा मार्ग उत्तरेकडून बांधत आणला गेला आणि वैतरणेपासून बंदरापर्यंतचा शंभरेक किलोमीटरचा शेवटचा टप्पा सर्वांत रेंगाळला. मधल्या काळात मुंद्रा आणि पिपावाव या गुजरातच्या बंदरांना उत्तर भारताशी दुमजली जोडणी मिळाली. तिचा लाभ त्यांनी उठवला, यात त्यांचा दोष नाही. गोव्याच्या निर्यातदाराने बाळ्ळीच्या डेपोतून एकमजली गाडीने कंटेनर न्हावा-शेव्याला पोचवला, तर जहाज तेथेच मिळते. उत्तरेच्या बाजारपेठेसाठी तोच कंटेनर तेथून दुमजली गाडीवर चढू शकतो. अडते ते मधल्या वाटेवर. रोहा ते वीर एवढाच भाग दुहेरी झाला असून पुढे कोकण रेल्वे बहुतांशी एकेरीच आहे. तेथे प्रवासी गाडीला वाट देत मालगाडी स्थानकांच्या बगलमार्गांवर तिष्ठत राहते. तासांचा भरवसा नसेल तर कारखानदार ट्रकच बोलावणार. ठरलेल्या वेळापत्रकाची, आठवड्यातून नेमक्या दिवशी सुटणारी कंटेनरगाडी हीच गोव्याची मागणी असायला हवी. तिला ना नवा बोगदा लागतो ना उंच तार.

राहिला दुपदरीकरणाचा मुद्दा. कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, परंतु सविस्तर अभ्यासानंतर नवा प्रस्ताव आणण्याची मुभा रेल्वेला ठेवली. असा प्रस्ताव उद्या आलाच आणि त्याच्या समर्थनार्थ मुरगावच्या कंटेनर व्यापाराचे भवितव्य पुढे केले गेले, तर आराखड्यातील एक आकडा आधी मागावा लागेल : नव्या बोगद्यांची उंची किती धरली आहे? ती साध्या तारेपुरतीच असेल, तर दुमजली गाडीचा विचार त्या आराखड्यात नाही आणि तो मार्ग प्रामुख्याने कोणत्या मालासाठी आखला आहे, हे चांदरच्या रहिवाशांना नव्याने सांगावे लागणार नाही.