दारातल्या शिळा

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात लक्षावधी वारकऱ्यांचा मेळा भरला आहे, आणि ज्यांना यंदा वारी घडली नाही अशा असंख्य गृहस्थांनी घरच्या देव्हाऱ्यातील विठ्ठल-रखुमाईस तुळशीची माळ वाहून उपवासाचा संकल्प सोडला आहे. आमच्या या कल्याण परिसरात तर देवाचे नाव आगगाडीच्या स्थानकालाही लाभले आहे. कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोकलचे पहिले स्थानक विठ्ठलवाडी. रोज हजारो माणसे तिकिटाच्या खिडकीपाशी हे नाव उच्चारतात. हे नामस्मरण अहेतुक असते हे खरे. परंतु अजामिळाची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांनी त्याला हसू नये.

आजच्या दिवशी आम्हांस बोलावयाचे आहे ते मात्र मूर्तीविषयी नव्हे, तर शिळांविषयी. पंढरपूरच्या मंदिरात श्रींच्या मूर्तीखेरीज आणखी एक पाषाण आहे, ज्याला भाविक शतकानुशतके भक्तिभावाने स्पर्श करीत आले आहेत. तो म्हणजे 'चौऱ्याऐंशीचा शिलालेख'. या शिळेला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. शिळेवर प्रत्यक्षात काय कोरले आहे, हे मात्र पाठ घासणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असते. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७, या काळात मंदिराच्या कामासाठी ज्यांनी ज्यांनी दान दिले, त्यांची नावे आणि दानाच्या रकमा तीत नोंदलेल्या आहेत. देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव तीत आहे, त्याचा मंत्री हेमाद्री आहे, आणि त्यांच्याच पंक्तीला, त्याच दगडावर, साधे गृहस्थही आहेत. ज्ञानेश्वरी लिहून व्हायला तेव्हा अजून दशकाहून अधिक काळाचा अवकाश होता. विठ्ठलाच्या दारी राजा आणि रंक एका ओळीत उभे राहतात हे आपण कीर्तनात ऐकतो. येथे ते छिन्नीने लिहिलेले आहे.

या एकाच शिळेत आमच्या आजच्या विषयाचे मर्म साठवले आहे. भाविकांनी तिला पूज्य मानले म्हणून ती टिकली. त्याच भाविकांच्या पाठी लागून लागून तिची अक्षरे झिजली. पाषाणाला पूजा राखते. परंतु त्यावर काय लिहिले आहे ते पूजणाऱ्यास ठाऊक नसेल, तर तीच पूजा त्याला पुसूनही टाकते.

पंढरपूर दूर आहे असे कोणी म्हणेल. परंतु विठ्ठलवाडीहून पुढे तिसऱ्या नव्हे, दुसऱ्याच स्थानकावर अंबरनाथ आहे. वालधुनीच्या काठचे तेथील शिवालय शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळचे. त्यातील लेख शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा. ज्या राजवंशाने हे देऊळ उभविले त्याची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे आपले ठाणे. या शिलाहारांच्या राज्यात आणि त्यांच्या आगेमागे उत्तर कोकणात ठिकठिकाणी दोन प्रकारच्या शिळा उभ्या राहिल्या, आणि त्यांतील अनेक आजही आपल्या गावांच्या वेशीवर, तळ्याच्या काठी आणि देवळांच्या आवारात आहेत. एक वीरगळ आणि दुसरी गधेगाळ.

वीरगळ म्हणजे गावासाठी, गाईगुरांसाठी अथवा धन्यासाठी रणात पडलेल्या पुरुषाचे स्मारक. तो खालून वर वाचावयाचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई असते. कोठे शत्रूशी झुंज, तर कोठे चोरांनी वळवून नेलेली गुरे आणि त्यांच्यामागे धावलेला गावकरी. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्या वीरास स्वर्गी घेऊन जाताना दिसतात. त्याच्याही वर तोच वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर कलश, आणि एका बाजूस सूर्य, दुसऱ्या बाजूस चंद्र. हे सूर्यचंद्र शोभेसाठी नाहीत. जोवर ते आकाशात आहेत तोवर या माणसाचे नाव राहो, ही गावाने घेतलेली शपथ आहे. बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नसते. वीराचे नाव गावाला तोंडपाठ होते, ते कोरण्याची गरजच कोणास वाटली नाही; आणि पिढ्या उलटल्यावर नाव गेले, शपथ तेवढी उरली.

मुंबईच्या बोरिवलीतील एकसर येथे असे सहा वीरगळ आहेत. त्यांतील काहींवर वल्ह्यांच्या रांगा लावलेल्या युद्धनौका कोरल्या आहेत, आणि आरमारी लढाईचे असे शिल्प आपल्या देशात विरळा. शिलाहारांचा अखेरचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात समुद्रावर जे युद्ध झाले त्याचेच हे स्मारक, असे काही अभ्यासक मानतात. लोकलने जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते पाहिले असेल?

गधेगाळीचा प्रकार निराळा. ती दानाची शिळा. वर तेच सूर्यचंद्र, मध्ये दानाचा मजकूर, आणि खाली हे दान मोडणाऱ्यास शापवाणी व तिचे उघडेवाघडे चित्र. ते चित्र पाहून सज्जन मान वळवितात. आमच्या मते मान वळविण्याचे कारण नाही. देवाला वाहिलेली जमीन कोणी बळकावू नये म्हणून आपल्या पूर्वजांनी कायद्याची भाषा अशी सर्वांना समजेल अशा रीतीने लिहिली. भिवंडी तालुक्यात लोनाडजवळ चौधरपाडा येथे केशिदेव शिलाहाराचा शके ११६१ चा दानलेख सापडला आहे, तो याच जातीचा. अलिबागजवळच्या आक्षीचा लेखही तसाच, डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४ असा वाचला आणि तो मराठीतील आद्य लेखांत गणला गेला. ज्या भाषेत आज आपण अभंग गातो, तिचा इतका जुना दगडी पुरावा वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला उभा होता.

आता वाचकांनी आमच्याबरोबर थोडे दूर, कॉकेशस पर्वताच्या पायथ्याच्या आर्मेनिया देशात यावे. परधर्माची गोष्ट एकादशीच्या पानावर कशासाठी, असे कोणी म्हणू नये. ज्याला आपल्या घरच्या शिळेचे मोल कळते त्याला शेजाऱ्याचीही कळते. आर्मेनियन लोक नवव्या शतकापासून 'खाचकार' नावाच्या शिळा उभारीत आले आहेत. खाच म्हणजे क्रूस, कार म्हणजे दगड. गार्नी येथील राणी कात्रानिदे हिने उभारलेली शिळा इसवी सन ८७९ ची आहे. मध्यभागी वेलबुट्टीने मढविलेला क्रूस, त्याखाली सूर्याचे अथवा अनंतकाळाचे चक्र, भोवती जाळीसारखे नाजूक कोरीव काम. दिवंगताच्या आत्म्याच्या उद्धारासाठी, विजयाच्या स्मरणार्थ, संकटनिवारणार्थ त्या उभारल्या जातात. कोरून झाल्यावर धर्मगुरू तिला तेल लावून अभिमंत्रित करतो, आणि मगच ती पूजनीय होते. आपल्याकडील प्राणप्रतिष्ठेचे स्मरण कोणास होणार नाही? सेवान सरोवराजवळच्या नोरातूस गावी अशा सुमारे नऊशे शिळा आहेत. तैमूरलंगाची स्वारी आली तेव्हा गावकऱ्यांनी या शिळांवर शिरस्त्राणे चढविली, तलवारी टेकविल्या, आणि दुरून ते सैन्य समजून शत्रू माघारी फिरला, अशी तेथील दंतकथा. २०१० साली युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

परंतु सर्वच शिळांचे भाग्य नोरातूसचे नव्हते. अरास नदीकाठच्या जुन्या जुल्फा नगरातील आर्मेनियनांना इराणच्या शहा अब्बासाने १६०४-०५ मध्ये सक्तीने उठवून इस्फहानला नेले. मागे त्यांच्या दफनभूमीत हजारो खाचकार उरले. त्या निर्वासितांचे वंशज व्यापाराच्या निमित्ताने सुरतेस आणि मुंबईस आले; मुंबईच्या कोट विभागात त्यांनी १७९६ साली बांधलेले चर्च आजही आहे. आणि तिकडे जुल्फाची ती दफनभूमी, जी आता अझरबैजानच्या नखचिवान प्रांतात येते, ती १९९८ ते २००५ या काळात घण घालून साफ करण्यात आली. तेथील सरकार हे मान्य करीत नाही. उपग्रहाने टिपलेली छायाचित्रे मात्र सपाट जमीन दाखवितात. पूजणारी माणसे उठून गेली, तिथे पाषाणाला वाली उरला नाही.

आपल्या शिळांवर असा परका घण क्वचितच पडतो. आम्हांस अधिक अस्वस्थ करते ते हे, की आपल्याकडे पूजणारी माणसे जागच्या जागी असूनही शिळा नाहीशा होतात. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालची गावे गेल्या पन्नास वर्षांत शहरात विरून गेली. रस्ता रुंद करताना वेशीवरचा दगड मातीच्या भरावात जातो. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, वर्गणी जमते, जुने जोते उकरले जाते, गुळगुळीत फरशी बसते, आणि आवारातला 'तो नक्षीचा दगड' कोठे गेला हे पुढच्या वर्षी कोणास सांगता येत नाही. कोठे त्यावर धुणे धुतले जाते. कोठे भक्तीच्या भरात चकचकीत तैलरंगाचे इतके लेप चढतात, की अप्सरा कोणत्या आणि घोडे कोणते हे ओळखू येऊ नये. शेंदराला आम्ही नावे ठेवणार नाही. वीरगळाला गावाने म्हसोबा म्हणून शेंदूर फासला म्हणूनच तो उकिरड्यावर गेला नाही. परंतु शेंदूर वेगळा आणि सिमेंट वेगळे.

जीर्णोद्धार या शब्दाचा खरा अर्थ कोणी विचारील तर आम्ही पुन्हा पंढरीकडेच बोट दाखवू. २०२४ साली विठ्ठल मंदिराच्या संवर्धनाचे काम झाले, तेव्हा मागाहून बसविलेल्या फरशा काढण्यात आल्या आणि मूळ काळा पाषाण मोकळा झाला. भर घालून नव्हे, तर काढून देवालय जुने, म्हणजेच खरे झाले. गावोगावच्या विश्वस्तांनी नवी फरशी पसंत करण्यापूर्वी ते पाहून यावे.

विठ्ठलभक्ताला तर या शिळांशी विशेष नाते आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ च्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठ्ठल हा मूळचा गवळी-धनगरांचा देव असल्याचे प्रतिपादन केले. ते कोणास पटेल, कोणास पटणार नाही. आम्ही त्या वादात आज शिरत नाही. परंतु गुरे राखताना प्राण वेचलेला वीरगळावरचा तो अनाम पुरुष या देवाला परका नसावा, एवढे म्हणावयास हरकत नाही. आणि चोखोबा? मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून शके १२६० मध्ये ते इतर मजुरांसह दगडांखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधिली. त्या दिवशी चिरडलेल्या इतरांची नावे कोणास ठाऊक नाहीत. त्यांच्या नावाने कोणी वीरगळही उभारला नाही.

म्हणून आमची या परिसरातील भाविक कुटुंबांना एक विनंती आहे. आज सायंकाळी गावदेवीच्या, मारुतीच्या अथवा विठ्ठलाच्या देवळात दर्शनास जाल, तेव्हा मुलांना बरोबर न्यावे आणि देवळाच्या मागील बाजूसही एक फेरी मारावी. पिंपळाच्या पारावर, विहिरीपाशी, भिंतीत चिणलेला असा एखादा दगड दिसला, माथ्यावर सूर्यचंद्र दिसले, तर मुलांना तो खालून वर वाचून दाखवावा. त्यावर पाणी घालावे, फूल वाहावे. घासू मात्र नये आणि रंगवू नये. पाया खणताना अशी शिळा वर आली, तर ती हलविण्याआधी तहसीलदार अथवा पुरातत्त्व विभागास कळवावे, तिचे छायाचित्र घ्यावे, आणि ती कोठे, कोणत्या दिशेला तोंड करून उभी होती हे लिहून ठेवावे. मंदिराच्या वहीत देणगीदारांची नावे असतातच. त्याच वहीत आवारातील शिळांची मोजदाद एका पानावर करून ठेवली, तर पुढील जीर्णोद्धाराच्या वेळी कंत्राटदारापुढे ठेवावयास विश्वस्तांच्या हाती काहीतरी लेखी राहील.